युमीचं पान

बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात वंशद्वेषावरची एक कथा आहे आणि तिचं तात्पर्य मुलांना कथा वाचण्याआधीच पाठ असतं. कथा पर्ल बक यांची, ‘द एनिमी’. सीबीएसईच्या शाळांत लागणाऱ्या ‘विस्टाज’ या पुस्तकात ती गेली कित्येक वर्षं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सदाओ होकी या जपानी सर्जनच्या घराखालच्या किनाऱ्यावर एक जखमी अमेरिकी कैदी वाहत येतो. डॉक्टर त्याच्यावर शस्त्रक्रिया करतो, त्याला घरात लपवतो आणि शेवटी होडी देऊन पळून जायला मदत करतो. मुलं उत्तरात लिहितात, माणुसकी देश आणि वंश यांपेक्षा मोठी असते. 120 ते 150 शब्दांत हे नेटकं मांडलं की गुण पदरात पडतात आणि कथा विसरायला मुलं मोकळी होतात.

मी शोळिंगनल्लूरमधल्या एका शाळेत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. मूळची सातारची. नवऱ्याची नोकरी इथल्या आयटी पार्कात, म्हणून चेन्नईत आले आणि इथेच रुळले. शोळिंगनल्लूरचा कणा म्हणजे जुना महाबलीपुरम रस्ता, सगळ्यांच्या तोंडी ओएमआर. त्याच्या अंगाला काचेच्या कचेऱ्या, उंच सोसायट्या, मेट्रोचं चालू असलेलं बांधकाम. पूर्वेला बकिंगहॅम कालवा आणि त्यापलीकडे समुद्र. कंपन्यांनी देशभरातून माणसं आणली, त्यांची मुलं आमच्या वर्गात आली. तमिळ मुलं अर्थातच जास्त, पण शेजारच्या बाकांवर तेलुगू, मल्याळी, बंगाली, बिहारी. मला सगळे ‘मिस’ म्हणतात. इंग्रजी शिकवत असूनही माझ्या पाठीमागे मी ‘हिंदी मिस’ आहे, कारण आंध्राच्या वरचं जे काही आहे ते इथे बहुतेकांच्या लेखी हिंदीच.

अशा वर्गात वंशद्वेषाची कथा शिकवताना पहिली अडचण येते ती मुलांच्या चांगुलपणाची. त्यांना योग्य उत्तर माहीत असतं. सदाओ चांगला, नोकर कोत्या मनाचे, सदाओचा रुग्ण असलेला जनरल स्वार्थी, अशी वाटणी पहिल्या वाचनातच होऊन जाते. तात्पर्य आधी हाती आलं की पात्रांकडे पाहायचं कारणच उरत नाही. म्हणून ही कथा सुरू करताना मी तात्पर्यावर बंदी घालते. फळ्यावर तीन प्रश्न लिहिते. या माणसाला इथून काय दिसतंय? काय दिसत नाहीये? आणि यात त्याचं काय जाऊ शकतं? पहिले दोन प्रश्न मुलं पटापट सोडवतात. तिसऱ्यापाशी अडतात, कारण काही गमावण्याची वेळ त्यांच्यावर अजून फारशी आलेली नसते.

मग प्रत्येकाने एक पान लिहायचं, कथेतल्या एका पात्राच्या तोंडून. सदाओ कुणालाच मिळत नाही. युमी, माळी, स्वयंपाकी, हाना, जनरल आणि तो कैदी टॉम, एवढेच वाटून द्यायचे. युमी ही घरातली दाई. चिखलाने आणि रक्ताने माखलेल्या गोऱ्या माणसाला धुवून काढ, असं मालकीण, म्हणजे सदाओची बायको हाना तिला सांगते आणि ती साफ नकार देते. मग हाना स्वतः ते काम करते. म्हाताऱ्या माळ्याचं म्हणणं आणखी वेगळं. समुद्राने आणि बंदुकीने ज्याला मारायला घेतलं त्याला मालकांनी वाचवलं, तर समुद्र आणि बंदूक सूड घेतील, असं त्याला मनापासून वाटतं. पुढे नोकर घर सोडून जातात.

सुरुवातीला येणारी पानं ठरावीक असतात. युमी दात-ओठ खाते, गोऱ्यांना शिव्या घालते, चित्रपटातल्या खलनायिकेसारखी. पण एका वर्षी एका मुलीने माळ्याचं पान असं लिहिलं की सगळ्या वर्गात जुंपली. तिचा माळी म्हणत होता, डॉक्टरसाहेबांना काही होणार नाही. जनरलला कधीही ऑपरेशन लागेल, त्याला त्यांचे हात हवेत. उद्या शिपाई आले तर ते आमच्या मानेला दोरी लावतील, आणि आमच्याशिवाय जनरलचं काहीच अडत नाही. कथा उघडून पाहिली तर ते खरंच तिथे होतं. सदाओला आघाडीवर पाठवलेलं नाही ते जनरलच्या आजारपणामुळे आणि सदाओच्या स्वतःच्या संशोधनामुळे. म्हणजे सदाओच्या माणुसकीला थोडं छत्र आहे, नोकरांच्या डोक्यावर ते नाही. शौर्याचं मोल सगळ्यांना सारखं पडत नाही, हे त्या मुलीने एका पानात दाखवून दिलं.

यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. भीती समजली, पण लपवण्याची भीती वेगळी आणि धुण्याची वेगळी, असं त्याचं म्हणणं. घरात माणूस आलेलाच आहे. त्याला धुतल्याने धोका वाढत नाही. तरी युमी धुवायला तयार नाही, याचा अर्थ तिला किळस आहे. मी त्याला म्हटलं, ओळ दाखव. त्याने दाखवली. तिथे युमी धोक्याबद्दल बोलत नाही, गोऱ्या माणसाला आपण कधी धुतलेलं नाही याबद्दल बोलते. दोघांचंही बरोबर होतं. एकाच माणसात वाजवी भीती आणि अवाजवी किळस शेजारी शेजारी नांदतात आणि पुष्कळदा किळस भीतीचे कपडे घालून फिरते. मतांची मारामारी सुरू झाली की ‘ओळ दाखव’ हे दोन शब्द फार कामाला येतात. पात्राच्या मनात शिरायचं ते आपल्या मनाची ओझी घेऊन नाही, लेखकाने दिलेल्या पुराव्यावर, ही शिस्त मुलांना त्यातून लागते.

सर्वांत उशिरा लक्षात येतो तो खुद्द सदाओ. हानाची आणि त्याची ओळख अमेरिकेत झाली, पण ती अस्सल जपानी आहे याची खात्री होईपर्यंत त्याने स्वतःला तिच्या प्रेमात पडू दिलं नाही. वडिलांनी दुसरी सून घरात घेतली नसती. अमेरिकेत शिकताना त्याने अपमान सोसले. पण तापात ज्या घरमालकिणीने त्याची शुश्रूषा केली तिचीही त्याला किळसच येत होती, हे तो शेवटी आठवतो. म्हणजे ज्याच्या हातून कथेतली सर्वांत मोठी माणुसकी घडते, त्याच्या मनातही तोच रोग आहे. हे सापडल्यावर मुलं अस्वस्थ होतात. चांगल्या-वाईटाचे दोन कप्पे त्यांना सोयीचे असतात आणि सदाओ कुठल्याच कप्प्यात मावत नाही.

मग मी आणखी एक प्रश्न टाकते. ही जपानी मनं रंगवली कुणी? अमेरिकी लेखिकेने. पर्ल बक मिशनरी आई-वडिलांबरोबर चीनमध्ये वाढल्या, 1938 साली त्यांना नोबेल मिळालं. आणि 1942 साली त्यांच्याच देशाने स्वतःच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत ठेवलं. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. हे कळल्यावर कथा पुन्हा वाचली की अमेरिकी वाचकाला उद्देशून धरलेला आरसा दिसू लागतो.

अकरावीला परीक्षेचा जाच थोडा कमी, म्हणून तिथे मी ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ अवांतर वाचनाला लावते. हार्पर ली यांची 1960ची कादंबरी. अलाबामातल्या छोट्या गावात टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसावर खोटा आरोप येतो आणि ॲटिकस फिंच हा गोरा वकील त्याची बाजू लढवतो. गोष्ट सांगते वकिलाची लहान मुलगी स्काउट. मुलांना ॲटिकस अतोनात आवडतो. मी विचारते, टॉम आपल्याला कुठे कुठे बोलताना भेटतो? शोधल्यावर लक्षात येतं की साक्षीचा पिंजरा सोडला तर जवळजवळ कुठेच नाही. ज्याच्या जिवावर कादंबरी उभी आहे त्याच्या घरात, त्याच्या मनात आपण जातच नाही. अमेरिकेतही या पुस्तकावर वाद आहेत. कुणाला त्यातले अपशब्द खुपतात. 2017 साली मिसिसिपीतल्या बिलॉक्सीच्या शाळांनी ते आठवीच्या वाचनातून काढलं, तेव्हा कारण तेच होतं. दुसऱ्या काहींचा आक्षेप जास्त खोल आहे. काळ्या माणसाचं दुःख गोऱ्या मुलीच्या डोळ्यांनीच का पाहायचं, असं ते विचारतात. मुलांनी हे पुस्तक टाकून द्यावं असं मला वाटत नाही. कोण सांगतंय आणि कुणाला बोलूच दिलेलं नाही, हे शिकायला याच्याइतकं चांगलं पुस्तक मिळणं कठीण. 2015 साली ली यांचंच ‘गो सेट अ वॉचमन’ आलं. त्यात स्काउट 26 वर्षांची आहे आणि तिला कळतं, की काळे-गोरे एकत्र यायला वडिलांचाच विरोध आहे. माणूस तोच, पाहणारीचं वय बदललं.

फिंच कुटुंबाकडे काम करणारी कॅल्पर्निया मात्र माझ्या वर्गाला चटकन कळते. मुलांना ती एकदा आपल्या लोकांच्या चर्चमध्ये घेऊन जाते आणि तिथे तिची बोली निराळीच असते. स्काउट चकित होते. माझी मुलं होत नाहीत. शाळेत एक इंग्रजी, घरी एक तमिळ, स्वयंपाकाच्या अक्काशी तिसरीच तमिळ, हे ती रोज करतात. ‘मग अक्का तिच्या घरी कशी बोलत असेल?’ असं मी विचारलं, तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हतं. ते कुणी ऐकलेलंच नव्हतं.

इथून धडा घराजवळ येतो. बारावीच्या त्याच पुस्तकात बामा यांच्या ‘करुक्कु’ या 1992च्या तमिळ आत्मकथनातला एक उतारा आहे. गावातला एक वयस्क माणूस वड्यांचा पुडा दोऱ्याला धरून, हात न लावता घेऊन जातो. छोट्या बामाला त्याची गंमत वाटते. मोठा भाऊ सांगतो, ही गंमत नाही. आपल्या स्पर्शाने वरच्या जातीच्या जमीनदाराचं खाणं विटाळतं अशी समजूत आहे. त्या भावाला तळ्याकाठी एक जण थांबवून विचारतो, तू कुठल्या रस्त्यावर राहतोस? रस्ता कळला की जात कळते.

हा प्रश्न शोळिंगनल्लूरमध्ये आजही विचारला जातो, फक्त रस्त्याऐवजी नगर विचारतात. आमच्या शाळेच्या आसपास पेरुंबाक्कम आणि सेम्मंचेरी आहेत, थोडं वर तोरैपाक्कमजवळ कण्णगी नगर. चेन्नईतल्या नद्यांच्या आणि नाल्यांच्या काठच्या वस्त्या उठवून तिथल्या लोकांना सरकारने या वसाहतींत आणून ठेवलं. त्यांत दलित कुटुंबं मोठ्या प्रमाणात आहेत. कण्णगी नगरचा पत्ता सांगितला की मिळत आलेली नोकरी जाते, ही तिथल्या तरुणांची जुनी तक्रार. म्हणून अर्जावर नातेवाइकाचा पत्ता लिहिणारे आहेत. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह 1963 साली आला. त्याच्या शीर्षककथेची हकिगत मी वर्गात तोंडी सांगते. तिथे नायक जात लपवतो, इथली मुलं पत्ता लपवतात.

याच वसाहतींतल्या बायका आमच्या विद्यार्थ्यांच्या सोसायट्यांत कामाला येतात आणि कित्येक सोसायट्यांत त्यांनी सर्व्हिस लिफ्टनेच जायचं असा नियम आहे. बामांच्या उताऱ्यानंतर मी लिफ्टवर पान लिहायला देते. कुणी कामवाली अक्का लिहितं, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी. मला सर्वांत भावलेलं पान ओडिशाहून आलेल्या वॉचमनचं होतं. त्याला तमिळ येत नाही, त्यालाही सगळे ‘वडक्कन’, म्हणजे उत्तरेकडचा, म्हणून हाका मारतात, आणि अक्कांना सर्व्हिस लिफ्टकडे वळवण्याचं काम त्याच्याकडे आहे. नियम त्याने केलेला नाही, पण तो पाळला नाही तर पगार जाईल. वर अक्कांवर आवाज चढवताना त्याला दिवसभरात पहिल्यांदाच आपण कुणीतरी असल्यासारखं वाटतं. हे शेवटचं वाक्य सतरा वर्षांच्या मुलाला सुचलं. भेदभाव वरून हुकूम देऊन जितका चालतो, तितकाच खालच्या माणसाला त्यातून मिळणाऱ्या चिमूटभर मोठेपणावर चालतो. समाजशास्त्राचं पुस्तक न उघडता तो तिथवर पोचला.

पालकसभेत यावर विचारणा होतेच. इंग्रजीच्या तासाला जात कशाला, वंशभेद अमेरिकेतला, जात आपल्याकडची, दोन्हींची सरमिसळ का करता? एका वडिलांनी थेट विचारलं, हे परीक्षेला आहे का? बामा परीक्षेला आहेत, हे सांगितल्यावर ते जरा निवले. सरमिसळीचं उत्तर मात्र मी महाराष्ट्रातून आणते. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी 1946 साली डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकी कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरकडे बघत. जात आणि वंश एक नव्हेत, पण एकाच्या उजेडात दुसरं वाचण्याची आपली परंपरा दीडशे वर्षांची आहे.

या पद्धतीला एक हद्द मात्र मी आखून घेतली आहे. ऑगस्ट 2023 मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या नांगुनेरी इथे बारावीतल्या एका दलित मुलावर त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात शिरून कोयत्याने हल्ला केला. मध्ये पडलेली बहीणही जखमी झाली. राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली. जून 2024 मध्ये तिने अहवाल दिला आणि विद्यार्थ्यांच्या मनगटावरचे जातिदर्शक रंगीत धागे, अंगठ्या, कपाळावरच्या खुणा यांवर बंदी घालायला सुचवलं. माझ्या वर्गातली मुलं त्याच वयाची. एकाने विचारलं, मिस, हल्ला करणाऱ्याचं पान लिहू? मी नको म्हटलं. काल्पनिक पात्राच्या मनात आपण हवं तसं शिरू शकतो, कारण त्याने कुणाच्या अंगावर खरा वार केलेला नसतो. जिवंत मुलाच्या जखमा ओल्या असताना त्याच्या हल्लेखोराचं मन रंगवणं हा वर्गातला व्यायाम होऊ शकत नाही. तिथे बातमी वाचायची, अहवाल वाचायचा, कायदा काय म्हणतो ते पाहायचं.

मुलांनी एकदा हे हत्यार माझ्यावरच चालवलं. एका विद्यार्थिनीचे ताता, म्हणजे आजोबा, 1960च्या दशकात माटुंग्याला राहून फोर्टातल्या कचेरीत टायपिस्ट होते. लोकलमध्ये ते तमिळ बोलायचे बंद झाले होते, असं तिने घरी ऐकलं होतं. वर्गात ती म्हणाली, मिस, तुम्ही मराठी आहात, त्या वेळच्या मराठी माणसाचं पान तुम्ही लिहा. मी लिहिलं. गिरगावच्या चाळीतला मॅट्रिक झालेला मुलगा. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं मेली, राज्य मिळालं, नोकरी मिळेना. ‘मार्मिक’मध्ये कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापून येत, त्या तो वाचतो. 1966 साली शिवसेना निघते आणि त्याला पहिल्यांदा वाटतं की आपल्या रागाला पत्ता मिळाला. हे लिहिताना मला फार कल्पना करावी लागली नाही. लहानपणी घरीदारी असं बोलणं मी ऐकलेलं होतं.

मी पान वाचून दाखवलं. मुलांना तो मुलगा पटला. मग तीच विद्यार्थिनी म्हणाली, म्हणजे त्याचं बरोबर होतं?

सगळ्या शिकवण्याचा कस लागतो तो या प्रश्नावर. एखाद्याला आतून पाहिलं की त्याला सोडून द्यावंसं वाटतं, आणि सोडून द्यायचं नसेल तर आतून पाहूच नये असंही वाटतं. दोन्ही वाटा सोप्या आहेत. मी तिला म्हटलं, त्याची बेकारी खरी होती. ती टायपिस्टाने आणली नव्हती, हे त्याला दिसत नव्हतं किंवा पाहायचं नव्हतं. आता दुसरं पान तू लिही, ज्याच्या उडुपी हॉटेलावर दगड आला त्या पोऱ्याचं. दोन्ही पानं शेजारी ठेवली की कोण चुकलं ते सांगावं लागत नाही. तिने लिहिलं. त्यातला पोऱ्या काचा वेचताना मराठीत मोजत होता, कारण मुंबईत येऊन तो आकडे मराठीतच शिकला होता.

भाषा शिकवणाऱ्या माझ्या मराठी सहकाऱ्यांना म्हणून सांगावंसं वाटतं. तुमच्या वर्गात अमेरिका असेल, जपान असेल, नाहीतर बागुल किंवा दया पवार असतील. अन्याय सोसणाऱ्याचं पान मुलं आपण होऊन लिहितात, तेव्हा अन्याय करणाऱ्याचं आणि बघत राहणाऱ्याचंही लिहून घ्या. दर वाक्याला ओळ मागा. एक तरी पान मुलं राहतात त्या इमारतीतलं असू द्या. आणि पोर्शन उरकायची घाई झाली, तास अपुरा पडला, तर खुशाल तात्पर्य गाळा. ते मुलांना येतंच. युमीचं पान तेवढं गाळू नका.